खाचराच्या बदल्यात सातवं मूल

आन्सान, १७ एप्रिल २००५

आणि खाचर माझ्या नावावर आहे ताई, शाळेच्या नावावर नाही. हे मी फोनवरच सांगणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. तिसऱ्यांदा ठेवलास तेव्हा कार्डातले पैसेही संपले. म्हणून लिहितोय. पत्र काय, फेकायचं तर फेक, पण मधेच माझं बोलणं तोडता येणार नाही तुला.

मला कळलं ते माझ्या खोलीतल्या ताक्सूकडून, ताक्सूला त्याच्या आईकडून. म्हणजे तिकडे चीनमध्ये आपल्या सोलगोल गावच्या दुकानापासून ते इकडे कोरियातल्या आमच्या खोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ज्याची जमीन त्याला नाही. सुन लाओसानला तू माझं खाचर निम्म्या खंडाने दिलंस. का, तर त्याने आपली पोरगी चिनी शाळेत न घालता तुझ्या शाळेत घालावी. पहिलीचा वर्ग उघडायला सात मुलं दाखवावी लागतात आणि गावात उरली सहा. मग सातवं तू माझ्या खाचरातून रोप उपटावं तसं उपटून आणलंस.

सुन माणूस वाईट नाही, ते मला माहीत आहे. शानतुंग प्रांतातून आला तेव्हा त्याला लावणीची दोरीसुद्धा धरता येत नव्हती. आता गावातली निम्मी खाचरं तोच करतो, कारण करणारे सगळे आम्ही इकडे. पण तो हान चिनी आहे, आपल्यासारखा कोरियन नाही. त्याच्या पोरीने कोरियन शिकून करायचं काय? तिचं आजोळ, तिचा बाजार, तिचं सरकार, सगळं चिनीत. तुला वर्ग राखायचाय म्हणून त्या पोरीची सहा वर्षं का घालवतेस?

माझी घालवलीस तेवढी पुरे नाहीत का? दिवे लावलेत मी. इथे दुकानात सिगारेट मागितली की बाई विचारते, ‘चीनहून आलात का?’ फक्त सिगारेट म्हणालो होतो. आमचा मुकादम, नाम आडनावाचा, तो तर मी काही बोललो की दुसऱ्याकडे बघून विचारतो, ‘हा काय म्हणतोय?’ आपली भाषा म्हणून जी तू मला पट्टी मारून शिकवलीस ती इथे आपली नाही, हे तू कधी सांगितलं नव्हतंस.

मी आणि ताक्सू वर्षअखेरीला गाडी लावणार आहोत. कोकराचं मटण शिगेवर भाजून द्यायचं, आपल्याकडे यानजी शहरात देतात तसं. कारखान्यात यंत्रावर झाकणं दाबून दाबून माझे कान गेलेत. दिवसभर स्टीलच्या पातेल्यांची झाकणं, एकामागून एक. ताक्सूने आपला हिस्सा साठवलाय. माझा हिस्सा खाचराच्या खंडावर अवलंबून होता, तो तू परस्पर निम्मा करून टाकलास.

सुनला सांग, खंड पूर्ण. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

इल्गू


आन्सान, १२ मे

माझंच पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलंस. ताक्सूने ते खोलीभर दाखवलं. वर म्हणतो, “लेका, तुला शंभरातले किती पडले ते लिवलंच नाय गुरुजींनी.” तुला काय वाटतं, मी अजून पाचवीत आहे? पाचवीत तू बहीण नव्हतीस, गुरुजी होतीस. घरी आलो की पुन्हा बहीण व्हायला तुला जेवणाच्या वेळेपर्यंत वेळ लागायचा. काही दिवस तर व्हायचीच नाहीस.

आणि खाली लिहिलंस, ‘उरलेला निम्मा खंड मी माझ्या पगारातून भरीन.’ ताई, तुझा पगार किती ते मला माहीत नाही का? त्यातून तू वर्गाचा कोळसा आणतेस, खडू आणतेस, ज्याला कोणी नाही त्या पोराला बूट आणतेस. आता त्यातून भावाचा खंडही देणार. म्हणजे गावात सगळे म्हणतील, इल्गूने बहिणीच्या ताटातलं ओढलं. तुला तेच हवंय.

आजोबांनी शाळेच्या छताचं आढं डोंगरावरून खांद्यावर आणलं, तेही पुन्हा लिहिलंस. दर पत्रात ते आढं आणतेस. आजोबांना एवढा त्रास झाला नसेल जेवढा मला ते ऐकून झालाय. सगळ्या घरांनी तांदूळ काढून शाळा बांधली, मान्य. तेव्हा गावात माणसं होती. आता कुणासाठी? पहिली उघडली नाही म्हणून शाळा बंद झाली तर मुलं तालुक्याच्या कोरियन शाळेत जातील, तिथे वसतिगृह आहे, गरम पाणी आहे. तुलाही तिकडे कुठेतरी टेबल देतील.

मी सुनला फोन केला. होय, केला. त्याचं कोरियन मोडकं, माझं चिनी मोडकं, तरी दोघांनाही कळलं. म्हटलं, “हे बघ भाऊ, बहिणीने काय सांगितलं ते सोड. खाचर माझं. खंड पूर्ण द्यायचा, नाहीतर कापणीनंतर सोडायचं.” तो म्हणाला, “ठीक, ठीक.” मी विचारलं, पोरीचं काय करणार? म्हणाला, “तो वेगळा विषय. ठीक, ठीक.” भांडला असता तर मीही भांडलो असतो. तो भांडला नाही.

तेव्हा ते झालं. तू आता माझ्यावर तोंड टाकशील, टाक.

या महिन्यात कारखाना बदललाय. तिथला वास सहन होत नव्हता. नवा पत्ता पाकिटावर आहे.

इल्गू


आन्सान, ९ जून

तुझं पत्र नाही. मग काय झालं ते मला ताक्सूच्या आईकडूनच कळायचं. एक जूनच्या बालदिनाच्या खेळांचं तिने ताक्सूला फोनवर सांगितलं, ताक्सूने फोनचा आवाज मोठा केला, आम्ही चौघे जेवण सोडून ऐकत होतो.

ती माणूस शोधायची शर्यत तू अजून घेतेस, यंदा पहिलीत येणाऱ्या पोरांचीही. मला वाटलं होतं कधीच बंद केली असशील. आमच्या वेळी केवढी मजा यायची. पळत जायचं, खडूने आखलेल्या रेषेवरची चिठ्ठी उचलायची, त्यावर लिहिलेल्या माणसाला गर्दीतून हुडकायचं, हात धरून पळायचं. ‘मामा’ आला की मामा दारूची बाटली टाकून धावायचा. ‘आजी’ आली तर आजीला पाठीवर घ्यायचे. आख्खं गाव डबे घेऊन बसलेलं असायचं, मग कुणीही मिळायचं.

आणि तू यंदाही त्याच चिठ्ठ्या लिहिल्यास. बाबा. आई. काका. मामा. ताई, हे तुला लिहितानाही सुचलं नाही? बत्तीस वर्षं तीच शर्यत चाललीय म्हणून तेच लिहायचं? मैदानात होत्या म्हाताऱ्या आणि गुडघे धरून बसलेले तीन म्हातारे. बाबा इथे झाकणं दाबतात, आया सोल शहरातल्या हॉटेलांत भांडी घासतात.

ताक्सूची आई सांगत होती आणि मधेमधे हसत होती. नातवाचं सांगताना ताक्सूला म्हणाली, “तुझ्या योंगमुनला चिठ्ठी आली ‘बाबा’. पोरगं चिठ्ठी धरून हुबं. गुरुजींचं त्वांड असं झालं, जसं कुनी चूल इझवली. मला वाटलं आता पोरगं भोकाड पसरतंय. तर त्यानं हिकडं तिकडं बघितलं आन् सरळ जाऊन त्या सुनचा हात धरला.”

बाप्या माणूस पळता येईल असा तेवढा एकच होता मैदानात. पोरीसाठी आला होता, लावणीच्या चिखलाचे रबरी बूट घालून. योंगमुनबरोबर पळाला. मग पुढच्या पोराला ‘काका’ आला, त्यानेही सुनलाच धरलं. मग ‘मामा’. सुन आपला प्रत्येकाबरोबर पळतोय, धाप लागतेय, बूट निसटतोय, म्हाताऱ्या टाळ्या पिटतायत. ‘आई’ ज्या पोरीला आली तिनेही त्यालाच नेलं. “त्यालाबी काय वाटलं न्हाई,” ताक्सूची आई म्हणाली, “पदर आसता तर खोचला आसता त्यानं.” शेवटी त्याची स्वतःची पोरगी शाओमान, तिला ‘आजोबा’ आला. तेव्हा तो म्हणे गवतावर आडवा झाला होता. पोरीने त्याला पाय धरून ओढला.

आम्ही सगळे हसलो. ताक्सू सर्वांत जास्त हसला. मग त्याने फोन ठेवला आणि ताटातला भात परत भांड्यात टाकला.

सुनने कुणाला सांगितलं नाही असं दिसतंय. माझा फोन आला होता ते. तुला तरी सांगितलं का? मी ताक्सूलाही अजून बोललो नाही.

हे कुणाकडून तरी कळण्यापेक्षा मीच सांगतो, ताक्सूच्या आईच्या पोटात काही राहत नाही. मागचा कारखाना मी वासामुळे सोडला नाही. नामने जेवणाच्या सुट्टीत माझी नक्कल केली, माझ्या बोलण्याची. सगळे हसत होते. तोवर ठीक होतं. मग म्हणाला, ‘अशी भाषा बाईच्या पोटातून येते की डुकराच्या?’ मी झाकण फेकून मारलं. कपाळाला लागलं, दोन टाके पडले. माझ्याकडे कागद नीट नाहीत, मला ठेवलं म्हणून मालकही अडकला असता, त्यामुळे त्याने पोलिसांत दिलं नाही, आणि पंधरा दिवसांचा पगारही दिला नाही. झालं गेलं. नवी जागा बरी आहे.

लिही. लाल शाईने तरी.

इल्गू


आन्सान, १० जुलै

काळ्या शाईने लिहिलंस. एकही चूक दुरुस्त केली नाहीस. तेव्हाच मी ओळखलं.

‘सुनने कापणीनंतर सोडायचं ठरवलंय. नदीपलीकडच्या हान गावात खाचरं बघितली, विसार देऊन आलाय. शाओमानचं नाव तिथल्या शाळेत घालणार. म्हणजे सहा. ऑगस्टच्या पंचवीसला मुलांची मोजणी.’ बस, एवढंच. माझ्यावर एक शब्दही नाही. मला काही बोलली असतीस तर बरं झालं असतं.

पत्र ताक्सूने वाचलं. मी त्याला वाचू दिलं, कारण कधीतरी सांगायचंच होतं. त्याने पत्राची घडी घातली. मग म्हणाला, “तू सुनला फोन केला हुतास?”

“केला होता.”

“कंदी?”

“मे महिन्यात.”

“म्हंजे तो पळाला तवा त्याला ठावं हुतं.”

तो म्हणाला, “माझा योंगमुन सात वर्साचा हाय. रात्री आजीच्या कुशीत हात घातल्याबिगर झोपत न्हाई. त्याला तालुक्याच्या वसतिगृहात टाकू? तुझ्या गाडीसाठी?” मी म्हटलं, गाडी आपली दोघांची आहे. तो म्हणाला, “व्हती.” आणि अंथरूण उचलून पलीकडच्या खोलीत गेला. नळावर भेटतो. मीठ दे, साबण दे, एवढं बोलतो.

परवा मी सुनच्या मोबाइलवर फोन केला. उचलला कुणा पोरीने.

“कोन बोलतंय?”

ताई, मला वाटलं आपल्याच कुणाची तरी. चोईच्या घरातली धाकटी असेल, सुनचा फोन हातात आलाय. तोच हेल. आजी बोलायची तसा, शब्द शेवटी खाली टाकणारा. मी विचारलं, “कुणाची गं तू?”

“सुन लाओसानची. बापू बांधावर हाय. तुमी कोन?”

तीच म्हणाली, “तुमी शेतवालं मामा का?”

मी हो म्हणालो.

“तुमच्यामुळं आमाला जायचंय पल्याड,” ती म्हणाली. रागाने नाही. दुकानातलं मीठ संपलं सांगावं तसं. “तिथली पोरं मला चिडवत्यात. म्हनत्यात, कोरियावाली आली. मी चिनी बोल्ली तरीबी हसत्यात. मामा, तुमाला तिथं हसत्यात का?”

मी म्हटलं, “बापूला बोलव.”

सुन आला. मी म्हटलं, चुकलं, खंड निम्मा, जसा बहिणीने सांगितला तसा. तो हसला, माझी चेष्टा करायला नाही. म्हणाला, “भाऊ, तुझ्या बहिणीशी बोलणं झालं तेव्हा जमिनीला एक तोंड होतं. तू आलास, दोन झाली. आज तू निम्मा म्हणतोस, पुढच्या साली गाडीला पैसे कमी पडले की पूर्ण म्हणशील. दोन तोंडांची जमीन मी करत नाही. आणि पलीकडे विसार देऊन बसलोय.” गाडीचं त्याला कसं कळलं विचारू नकोस. गावात सगळ्यांनाच माहीत असेल.

त्याचं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. मला ठाऊक आहे मी कसा आहे. दोन वर्षांत चार कारखाने बदलले मी. माझ्या शब्दावर सहा वर्षांचं पीक कोण पेरील?

काहीतरी सुचव. तू मला नेहमी सांगायचीस काय करायचं. मी करायचो नाही, पण सांगायचीस.

इल्गू


आन्सान, १४ ऑगस्ट

तू काही सुचवलं नाहीस. ‘तुझी जमीन आहे, तूच ठरव,’ एवढंच. बरं. ठरवलंय.

सोबत कागद आहे. चांगला दिसावा म्हणून ताक्सूकडून लिहून घेणार होतो, त्याचं अक्षर बरं. त्याने नाही म्हटलं. म्हणाला, “तुझं तू लिव, तुला शिकवलंय.” म्हणून मीच लिहिलं. तीनदा फाडून. चुका असतील तर याच्यावर लाल शाई लावू नकोस, तालुक्याच्या कचेरीत द्यायचाय.

पूर्वी शाळेला स्वतःचं खाचर असायचं, आठवतंय? मी बघितलेलं नाही, आजी सांगायची. लावणीच्या दिवसांत एक दिवस सगळं गाव शाळेच्या खाचरात उतरायचं, मग घरच्या. ते तांदूळ विकून शाळेचा कोळसा यायचा. नंतर जमिनी घराघरांत वाटल्या तेव्हा शाळेचं खाचरही वाटलं गेलं. त्यातला वाटा आपल्या बाबांना मिळाला. म्हणजे माझं खाचर त्यातलंच आहे ना, खालच्या पाटाकडचं? ताक्सूच्या आईला विचारलं, ती म्हणाली तेच.

तर कागदात असं लिहिलंय. माझं खाचर सहा वर्षं शाळेने वापरावं. कुणाला द्यायचं, किती खंडाने, ते शाळेच्या गुरुजी बांग कुम्सुक ठरवतील. येणारा खंड शाळेचा. मला मागता येणार नाही, मी परत आलो तरी नाही, चिडलो तरी नाही. ‘चिडलो तरी’ हे कागदात असावं की नसावं मला कळेना, पण ठेवलंय, कारण सुनला तेच हवं होतं. सही केली आहे, शेजारी लाल अंगठा उठवलाय. इथल्या दुकानदाराकडे अंगठ्यासाठी लाल शाई मागितली तर तो हसला. इथे असं करत नाहीत म्हणाला.

सुनशी बोललो. त्याला म्हटलं, आता जमिनीला एकच तोंड, आणि ते माझं नाही. त्याने मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, “तुझी बहीण कडक आहे.” मी म्हटलं, माहीत आहे. म्हणाला, “तिच्याशी बोलतो. पण विसार?” पलीकडचा मालक विसार परत देत नाही, ते त्याने स्पष्ट सांगितलं. त्याची बायको त्यावरून त्याला घरात घेत नाही. ते मात्र मी समजू शकतो.

गाडीचं आता राहिलं. ताक्सू जेवायला पुन्हा माझ्या खोलीत यायला लागलाय, गाडीचं बोलत नाही, मीही काढत नाही. पुढच्या महिन्यापासून मी बुसानकडे जातोय, जहाजं रंगवायची आहेत. तू म्हणशील पाचवा कारखाना. जहाज म्हणजे कारखाना नाही.

मोजणी पंचवीसला. हे पत्र आणि कागद ताक्सूची चुलतबहीण घेऊन येतेय, ती वीसला यानजीत उतरेल, दुसऱ्या दिवशी तुझ्या हातात. सुनला नुसतं तोंडी सांगू नकोस, कागद हातात दाखव. शाओमानचं नाव वहीत चढलं की मला कळव. फोन केलास तरी चालेल. मी ठेवणार नाही.

त्याच पाकिटात पैसे आहेत. शाळेला नाहीत, तुलाही नाहीत. सुनचे आहेत. माझ्यामुळे बुडालेला त्याचा विसार, सहाशे युआन.